मोठ्या हॉटेलात जेवायला जाताना: फोनपासून बिलापर्यंत

खानावळीत ताट समोर येतं, तांबडा-पांढरा संपला की वाढपी न विचारता वाटी भरतो आणि पाऊण तासात आपण पानाच्या टपरीवर. फाइन डाइनमध्ये, म्हणजे मोठ्या महागड्या हॉटेलात, वाटीवाटीचा दर वेगळा आणि जेवण दीड-दोन तासांचं. कोल्हापूरकर फसतो तो काट्या-चमच्यांनी नव्हे, या दोन गोष्टींनी.

आदल्या दिवशी फोन करून टेबल ठरवा. शेवटची ऑर्डर किती वाजेपर्यंत घेतात, सर्व्हिस चार्ज लावतात का आणि पोशाखाची काही अट आहे का, हे तेव्हाच विचारा. 'स्मार्ट कॅज्युअल' म्हणजे कॉलरचा शर्ट, फुल पँट, बंद बूट. कुडत्याखाली कापशी चप्पल चालेल का, हेही विचारून घ्या. रबरी स्लिपर आणि बर्मुडा मात्र घरीच ठेवा. कुणाला शेंगदाणे किंवा कोळंबी सोसत नसेल तर तेही याच फोनवर सांगा. ग्रेव्हीचं वाटण आधीच झालेलं असतं, ऐनवेळी त्यातून काही वगळता येत नाही.

बसल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. 'साधं पाणी' म्हणालात तर पैसे पडत नाहीत. बाटली फोडली की छापील किमतीपेक्षा जास्त लागू शकतात; सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या निकालानं हॉटेलांना तशी मुभा आहे.

ऑर्डर एकदम देऊ नका. चौघांत दोन स्टार्टर मागवा आणि ते आल्यावर पुढचं ठरवा. एक भाजी किंवा ग्रेव्ही किती जणांना पुरेल हे वेटरला विचारा, कारण पाश्चात्त्य पदार्थाची प्लेट बहुधा एकाचीच असते. आणि मेनूत 'व्हेज कोल्हापुरी' दिसलं तर पान उलटा. ते बाहेरगावच्या लोकांसाठी असतं.

मांडलेले काटे-चमचे बाहेरून आत वापरत या. ब्रेडची छोटी बशी आपल्या डावीकडची, ग्लास उजवीकडचा. इथं चूक झाली की शेजाऱ्याचा पाव खाल्ला जातो. नॅपकिन मांडीवर. मधेच उठलात तर तो खुर्चीवर ठेवा. काटा-सुरी प्लेटमध्ये शेजारी-शेजारी ठेवली की वेटर जेवण झालं समजून प्लेट उचलतो, म्हणून नुसतं थांबायचं असेल तर दोन्ही फाकवून ठेवा. रोटी हातानंच खा, कुणी काही म्हणत नाही. शेवटी लिंबाची फोड घातलेलं कोमट पाणी येईल, ते बोटं बुडवायला असतं.

आता बिल. ज्या हॉटेलात एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला 7,500 रुपयांच्या वर गेलेलं असतं, तिथल्या जेवणावर साधारणपणे 18 टक्के जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटात तो 5 टक्के असतो. म्हणजे 18 टक्क्यांच्या हॉटेलात 4,000 चं जेवण 4,720 ला पडतं. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज धरला तर त्याच्यावरही कर बसतो आणि आकडा 5,192 होतो. हा चार्ज सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 मध्ये तसं बजावलं आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च 2025 मध्ये ते उचलून धरलं. 'हा काढा' एवढं शांतपणे सांगा. नाही काढला तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. काढून घेतल्यावर, वाढणाऱ्यानं मनापासून वाढलं असेल, तर टीप रोख त्याच्याच हातात द्या.