ब्राउझर वॉलेट टाकताय? पैसे सगळ्यात शेवटी

क्रिप्टो घ्यावं की घेऊ नये हे तुमचं तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. १८ जुलै २०२४ ला वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास माल चोरीला गेला आणि लोकांचे पैसे वर्षभरापेक्षा जास्त अडकून पडले, त्यानंतर आपल्याकडे बरेच जण "स्वतःचं वॉलेट कसं काढायचं" विचारायला लागले. वॉलेट म्हणजे क्रिप्टोची किल्ली एक्स्चेंजऐवजी तुमच्याकडे ठेवणारं ॲप, इथे ब्राउझरमध्ये टाकायचं एक्स्टेन्शन. पण काढतात उलट्या क्रमाने. कुणीतरी यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेलं क्रिप्टो नाणं) पाठवतोय म्हणून घाईघाईत एक्स्टेन्शन टाकायचं, वॉलेट परत मिळवायचे ते बारा शब्द "नंतर लिहू" म्हणत स्क्रीनशॉट मारायचा, आणि मग एक दिवस लॅपटॉप फॉरमॅट झाला की शोधाशोध. माझं म्हणणं एवढंच की वॉलेट रिकामं असतानाच काय ती तोडफोड करून बघा, पैसे आल्यावर ती सोय राहत नाही. मी मेटामास्क धरून लिहितोय, ते कोल्ह्याचं तोंड असलेलं, २०१६ पासून आहे आणि बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. रॅबी वगैरे दुसरं काही वापरलंत तरी तयारी साधारण हीच.

पहिलं काम वॉलेटचं नाहीच, मशीनचं आहे. ऑफिसचा लॅपटॉप नको, कारण तो तुमचा नाही, आयटीवाले त्यात काय टाकतात ते तुम्हाला कळत पण नाही. घरच्या मशीनवर क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर असेल, विशेषतः "चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा" असं सांगून टाकलेलं, तर तिथे वॉलेट टाकूच नका, ब्राउझरमधला डेटा उचलणारे बरेच चोर याच रस्त्याने येतात. मशीन ठीक असेल तर क्रोम किंवा ब्रेव्हमध्ये एक वेगळं प्रोफाइल बनवा, त्याला वेगळा रंग द्या म्हणजे चुकून त्यात मेल उघडायला जाणार नाही, आणि त्या प्रोफाइलमध्ये वॉलेट सोडून एकही एक्स्टेन्शन ठेवू नका. कूपन शोधणारं, पीडीएफ करणारं, व्हिडिओ उतरवणारं, या सगळ्यांनी टाकताना "सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे" ही परवानगी मागितलेली असते आणि आपण ती न वाचता दिलेली असते.

मग डाउनलोड. गुगलवर नाव टाकून जो पहिला रिझल्ट येईल त्यावर क्लिक करायचं नाही, वर जाहिरात असते आणि खोट्या वॉलेटवाल्यांनी तिथे पैसे भरलेले असू शकतात. मेटामास्क डॉट आयओ हे हाताने टाइप करा, तिथून स्टोअरच्या पानावर जा, आणि बुकमार्क करून ठेवा. टेलिग्रामवर कुणी फाइल पाठवली तर ती फाइल आणि तो माणूस दोन्ही ब्लॉक.

आता बारा शब्द. हल्ली सुरुवातीलाच गुगल किंवा ॲपलने लॉगिन करायचा पर्याय येतो, सोपा आहे, पण मी अजून जुन्या पद्धतीने सीड फ्रेज, म्हणजे हेच बारा शब्द, लिहून घ्यायलाच सांगेन, कारण नाहीतर तुमच्या वॉलेटची किल्ली तुमच्या मेल अकाउंटला बांधली जाते आणि मेलचा पासवर्ड आपल्याकडे कसा असतो ते आपल्याला माहितीये. शब्द येतात ते २०४८ इंग्रजी शब्दांच्या ठरलेल्या यादीतून, आणि यादी अशी बनवलीये की पहिली चार अक्षरं बघितली तरी शब्द ओळखू येतो. त्यामुळे लिहिताना पहिली चार अक्षरं सुटी सुटी, कॅपिटलमध्ये, शब्दाचा क्रमांक घालून लिहा. यादीत शिप पण आहे आणि शॉप पण, आणि आपल्या डॉक्टरी अक्षरात त्यातला आय आणि ओ सारखाच दिसतो. बॉलपेन वापरा किंवा पेन्सिल, जेल पेन नको, कोकणात किंवा मुंबईत एक पावसाळा कपाटात काढला की शाई पसरते, आणि वाळवीला सीड फ्रेज आणि जुनी पत्रिका यातला फरक कळत नाही. दोन कागद, दोन वेगवेगळ्या घरी किंवा एक घरी आणि एक बँकेच्या लॉकरमध्ये. सहा शब्द इथे आणि सहा शब्द तिथे अशी हुशारी करू नका, एक कागद हरवला तरी सगळं गेलं आणि ज्याच्या हाती अर्धा लागला त्याचं काम निम्म्यापेक्षा खूप जास्त सोपं झालं.

फोटो काढायचा नाही हे सगळे सांगतात पण का ते कुणी सांगत नाही. फोनचे फोटो आपोआप क्लाउडवर जातात हे एक, आणि दुसरं म्हणजे २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा मालवेअर दाखवला, तो गॅलरीतले फोटो वाचून त्यात सीड फ्रेजचे शब्द दिसतात का ते शोधायचा, आणि तो प्ले स्टोअर आणि ॲपल दोन्हीकडच्या ॲपमध्ये निघाला. म्हणजे तुमचा फोटो बघायला माणूस लागतच नाही. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणं, नोट्समध्ये ठेवणं, कॉपी-पेस्ट करणं, हे सगळं त्यातच आलं.

कागद झाला की रंगीत तालीम, आणि ही पायरी कुणी म्हणजे कुणी करत नाही. वॉलेटचा पत्ता, म्हणजे ज्यावर लोक तुम्हाला पैसे पाठवतात, तो झिरो एक्सने सुरू होतो आणि पुढे ४० अक्षरं असतात, तो पूर्ण लिहून ठेवा. मग एक्स्टेन्शन सरळ काढून टाका. पुन्हा टाका, कागदावर बघून बारा शब्द भरा, आणि पत्ता तोच येतो का बघा. तोच आला तर कागद बरोबर. एखादा शब्द चुकला तर बहुतेक वेळा वॉलेट "चुकीचं आहे" म्हणून अडवतं, पण साधारण १६ पैकी एखाद्या चुकीला ते अडवत नाही आणि भलतंच रिकामं वॉलेट उघडून देतं, मग "पैसे गायब झाले" म्हणून बोंबाबोंब. म्हणून पत्ता ताडून बघायचा, नुसतं उघडलं म्हणजे झालं असं नाही. याच तालमीत आणखी एक गोष्ट लक्षात येईल, की पासवर्ड नवीन टाकला तरी चाललं, कारण पासवर्ड फक्त त्या एका ब्राउझरचं कुलूप आहे. शब्द फुटले असतील तर पासवर्ड बदलून काडीचा उपयोग नाही. आणि बाहेरची प्रायव्हेट की, म्हणजे एका अकाउंटची गुप्त किल्ली, इम्पोर्ट करून जोडलेला अकाउंट या बारा शब्दांनी परत येत नाही, त्याची की वेगळी लिहून ठेवावी लागते, हे बऱ्याच जणांना वेळ आल्यावरच कळतं.

सेटिंगमध्ये ऑटो लॉक पाच-दहा मिनिटांवर आणा, फार काही नाही त्यात.

मग सराव, तोही फुकट. टेस्ट नेटवर्क दाखवा असं बटण असतं, ते चालू केलं की इथेरियमचं सरावाचं नेटवर्क सेपोलिया दिसतं, तिथलं इथर, म्हणजे इथेरियमचं नाणं, खोटं असतं आणि फॉसेटवरून, म्हणजे ते फुकट वाटणाऱ्या साइटवरून, मिळतं. काही फॉसेट खऱ्या नेटवर्कवर शिल्लक दाखवा म्हणतात, त्यांना सोडा, दुसरं बघा. पॉलिगॉन हे दुसरं एक नेटवर्क, जे मुंबईत मॅटिक म्हणून सुरू झालं, त्यांच्या टेस्ट नेटवर्कचं नाव तर मुंबईच होतं, २०२४ मध्ये ते बंद करून अमॉय आणलं, त्यामुळे जुन्या व्हिडिओत मुंबई दिसलं तर व्हिडिओ शिळा समजा. सेपोलियावर दोन अकाउंट बनवून एकातून दुसऱ्यात पाठवून बघा, गॅस, म्हणजे नेटवर्कची फी, किती कापला ते बघा, एक्सप्लोररवर, म्हणजे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, व्यवहार शोधून बघा. इथे कळतं की टोकन, म्हणजे यूएसडीटीसारखं नेटवर्कवर चालणारं नाणं, कुठलंही असो, गॅस त्या नेटवर्कच्या मूळ नाण्यात जातो, इथेरियमवर इथर, पॉलिगॉनवर पोल. नुसते यूएसडीटी मागवले आणि इथर शून्य, तर ते यूएसडीटी दिसतील पण सहसा हलणार नाहीत, आणि नवशिक्यांचा निम्मा गोंधळ इथेच असतो.

आता खरं लक्ष द्यायची जागा, म्हणजे वॉलेट जे पॉपअप दाखवतं ते. वरवर सगळे सारखे दिसतात, खाली बटण, कन्फर्म. पण कनेक्ट म्हणजे साइटला फक्त तुमचा पत्ता आणि शिल्लक दिसली, त्याने पैसे जात नाहीत. सही म्हणजे गॅस लागत नाही म्हणून लोक बिनधास्त करतात, आणि घोटाळा तिथेच आहे, कारण काही सह्या नुसत्या लॉगिनच्या असतात आणि काही परमिट नावाच्या असतात, त्या एका सहीवर समोरचा तुमचं टोकन नंतर सावकाश घेऊन जाऊ शकतो. पॉपअपमध्ये स्पेंडर, व्हॅल्यू, डेडलाइन असलं काही दिसलं तर ती लॉगिनची सही नाही, थांबा. आणि तिसरा प्रकार अप्रूव्हलचा, एखाद्या एक्स्चेंजला तुमचं टोकन वापरायची परवानगी. साइट बऱ्याचदा अमर्याद मागते, म्हणजे सही केलेला कोरा चेकच. तिथे आकडा बदलता येतो, शंभर वापरायचे तर शंभरच टाका. दिलेली परवानगी साइटवरून डिसकनेक्ट केल्याने जात नाही, ती ब्लॉकचेनवर लिहिलेली असते, रिव्होक डॉट कॅशवर किंवा इथरस्कॅन या इथेरियमच्या एक्सप्लोररच्या अप्रूव्हलच्या पानावर जाऊन काढावी लागते आणि त्याला पण गॅस लागतो. न वाचता सही करणं फक्त नवशिक्यांचंच काम आहे असं समजू नका, २१ फेब्रुवारी २०२५ ला बायबिट या मोठ्या एक्स्चेंजचे जवळपास दीडशे कोटी डॉलर गेले ते सही करणाऱ्यांना स्क्रीनवर नेहमीचाच व्यवहार दिसत होता म्हणून.

म्हणून अकाउंट दोन ठेवा. एक फिरायचा, नवीन साइटवर हाच जोडायचा आणि त्यात गमावले तरी चालतील एवढेच. दुसरा साठवायचा, तो कुठल्याच साइटला जोडायचा नाही. दोन्ही एकाच सीड फ्रेजमधले असले तर परवानग्या वेगळ्या राहतात, पण शब्द फुटले तर दोन्ही जातात, त्यामुळे रक्कम मोठी होत असेल तर साठवायच्या अकाउंटला लेजर किंवा ट्रेझरसारखं हार्डवेअर घ्या, आणि ते कंपनीकडूनच, ऑनलाइन सेकंडहँड नाही.

पैसे पाठवताना पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून कॉपी करू नका. चोर तुमच्या ओळखीच्या पत्त्यासारखीच पहिली-शेवटची अक्षरं असलेला पत्ता बनवतात आणि त्यावरून शून्य रुपयाचा व्यवहार करून यादीत घुसतात. मे २०२४ मध्ये एकाने असेच ११५५ रॅप्ड बिटकॉइन (बिटकॉइनचं इथेरियमवर चालणारं रूप), तेव्हाचे ६.८ कोटी डॉलर, चुकीच्या पत्त्यावर पाठवले. त्याला बहुतेक परत मिळाले, पण त्या भरवशावर राहू नका. ॲड्रेस बुकमध्ये नाव देऊन सेव्ह करा आणि मधली अक्षरं पण बघा. वॉलेटमध्ये न मागता आलेलं टोकन असेल, त्याच्या नावात वेबसाइट असेल, तर हात लावू नका, आपोआप आलेलं काही विकायला जायचं नसतं.

आणि एक चिठ्ठी आत्ताच लिहून ठेवा, गडबड झाली तर काय करायचं याची, कारण तेव्हा डोकं चालत नाही. शब्द फुटल्याची शंका आली तर दुसऱ्या स्वच्छ मशीनवर नवीन सीड फ्रेज, आणि सगळ्यात किमती गोष्ट आधी तिकडे. मदतीसाठी टेलिग्राम किंवा एक्सवर पोस्ट टाकायची नाही, दोन मिनिटांत "सपोर्ट टीम" मेसेज करते आणि बारा शब्द मागते, खरं सपोर्ट ते कधीच मागत नाही. तक्रार १९३० वर आणि सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर, व्यवहाराचा हॅश, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, आणि पत्ते सोबत ठेवून.

एवढं झालं की मग पैसे. टेलिग्रामवरच्या स्वस्त पी टू पी वाल्याकडून, म्हणजे थेट अनोळखी माणसाकडून, घेऊ नका, समोरच्याचे पैसे फसवणुकीतले निघाले तर तुमचं बँक खातं गोठतं आणि सोडवायला कुठल्या राज्यातल्या पोलिसांना फोन करावा लागेल सांगता येत नाही. एफआययू, म्हणजे संशयास्पद पैशांवर लक्ष ठेवणारा सरकारी विभाग, त्याच्याकडे नोंद असलेल्या एक्स्चेंजवरून घ्या, पण घ्यायच्या आधी तिथून बाहेर काढता येतं का आणि कुठल्या नेटवर्कवर ते बघा, काही ठिकाणी येतच नाही. आधी छोटी रक्कम पाठवा, ती आली, थोडी परत पाठवून बघितली, मग बाकीची. आणि पहिल्या दिवसापासून एक शीट ठेवा, तारीख, रुपयातला भाव, हॅश, कापलेला एक टक्का टीडीएस. नफ्यावर ३० टक्के कर वर सेस, एका कॉइनमधला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही, आणि एका कॉइनचं दुसरं केलं तरी ते विकणंच धरलं जातं. तुमच्या वॉलेटमधल्या अदलाबदलीचा हिशोब कुठलंच एक्स्चेंज तुम्हाला देणार नाही आणि जुलैमध्ये सीए नेमका तोच मागतो.