फायनल फँटसी ९ पुन्हा खेळायला घेताय? या चुका टाळा

फायनल फँटसी ९ जपानमध्ये जुलै २००० मध्ये आला. चार सीडींचा गेम, आणि तोही पहिल्या प्लेस्टेशनच्या उतरत्या काळातला; प्लेस्टेशन २ तिकडे त्याच वर्षी मार्चमध्ये बाजारात आलं होतं. त्यामुळे आपल्याकडे ज्यांनी तो खेळला, त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो प्लेस्टेशन २ वरच खेळला. ठाण्याच्या नौपाड्यात, वर्तकनगरला, वाशी-नेरुळच्या सोसायट्यांमध्ये, मे महिन्याच्या सुट्टीत, एकाच्या हातात रिमोट आणि बाकीचे तिघे सल्ले द्यायला. ती पोरं आता पस्तिशी ओलांडलेली आहेत. एखाद्या शनिवारी आठवण येते, गेम पुन्हा सुरू होतो आणि दुसरी डिस्क लागायच्या आत बंद पडतो.

कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "फार स्लो आहे रे, आता नाही खेळवत." मला हे पटत नाही. ठाण्यात मित्रमंडळींची जुनी कन्सोल चालू करून द्यायला मी आवडीने जातो, आणि बहुतेक घरांत मला एकच गोष्ट दिसते. हा गेम आपल्याला पाठ आहे असं धरूनच माणूस बसलेला असतो. केबल कुठली, कार्ड कुठलं, कथा काय, बॉस (टप्प्याच्या शेवटी येणारा मोठा शत्रू) कोण, सगळं माहीत असल्यासारखं वाटतं, आणि एवढ्या वर्षांत त्यातलं निम्मं पुसून गेलेलं असतं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका त्यातूनच होतात.

माळ्यावरून थेट प्लगमध्ये

आपल्याकडे खाडीचा दमटपणा बाराही महिने असतो आणि पावसाळ्यात तर कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. तेव्हा माळ्यावरून काढलेलं कन्सोल लगेच प्लगला लावू नका. एक-दोन दिवस खोलीत पंख्याखाली राहू द्या, उन्हात नको. मेमरी कार्डाचे आणि केबलचे पितळी दिसणारे दात आयसोप्रोपाइल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण सुकू द्या.

कन्सोल अमेरिकेच्या काकांनी आणलेलं असेल तर आधी मागचं स्टिकर वाचा. तिथलं प्लेस्टेशन २ बहुधा १२० व्होल्टचं असतं, आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट. मध्ये स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर नसेल तर पॉवर सप्लाय जळणार. तेव्हा हे कोणीतरी मोठ्या माणसाने सांभाळलेलं असतं, म्हणून आपल्याला आठवत नाही.

डिस्कवर बुरशीची नक्षी दिसली तर कोमट पाणी, साबणाचा एक थेंब आणि मऊ सुती कापड. पुसायचं मधल्या भोकापासून कडेकडे सरळ, गोल गोल नाही. टूथपेस्टचा उपाय अजूनही छातीठोकपणे सांगितला जातो. तो करू नका, नवीन ओरखडे पडतात. खालच्या बाजूच्या चऱ्यांची लोकांना फार काळजी असते, पण सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो. छापील बाजू खरवडली गेली की काही पुसून उपयोग नाही. आणि डिस्क घरी कॉपी केलेली असेल तर तिच्यातला रंगाचा थर इतक्या वर्षांत उडालेला असू शकतो. अशा डिस्कशी झटापट करत बसण्यापेक्षा नवी अधिकृत आवृत्ती घ्यावी, हे माझं स्पष्ट मत.

प्लेस्टेशन २ वर एक तपासणी सोपी आहे. सीडी आणि डीव्हीडी वाचायला वेगवेगळ्या तरंगलांबीचा लेझर लागतो. म्हणून डीव्हीडीचे गेम छान चालतात आणि जुन्या सीडीचा एकही चालत नाही, असं दिसलं तर दोष डिस्कमध्ये शोधू नका, लेन्स बघायला द्या. त्याच कन्सोलच्या व्हर्जन इन्फर्मेशनमध्ये, प्लेस्टेशन ड्रायव्हरखाली, डिस्क स्पीड फास्ट करायची सोय आहे. लोडिंग थोडं कमी होतं. पण काही गेम त्याने अडकतात, तसं झालं तर पुन्हा स्टँडर्ड करा. कन्सोल बंद केलं की ही सेटिंग पुसली जाते, हेही लक्षात असू द्या.

सेव्ह न होणारं कार्ड

ही चूक सगळ्यात महागात पडते. ऐरोलीच्या माझ्या मामेभावाने गेल्या पावसाळ्यात हाच गेम सुरू केला. अलेक्झांड्रिया या गेममधल्या शहराच्या मनोऱ्यात पहिला मोगल (गेम सेव्ह करून देणारा छोटा प्राणी) भेटतो आणि सेव्ह कसं करायचं ते समजावतो. तिथे गेमला मेमरी कार्डच सापडेना. "दादा, कार्ड लावलंय, दिसतंय मला, तरी म्हणतो नाहीये," असा फोन. लावलेलं कार्ड प्लेस्टेशन २ चं, काळं, ८ एमबीचं. मी सांगेपर्यंत तो थांबला नव्हता. पुढे जाऊ, मग बघू, म्हणून जंगलातला बॉस मारून झाला होता, आणि तेवढ्यात लाईट गेली.

प्लेस्टेशन १ चा गेम प्लेस्टेशन २ वर चालतो, पण सेव्ह फक्त प्लेस्टेशन १ च्याच कार्डावर होतो. ते कार्ड १२८ केबीचं, १५ ब्लॉकचं, आणि प्लेस्टेशन २ च्या त्याच खाचेत बसतं. जुना सेव्ह ८ एमबीच्या कार्डावर कॉपी करून ठेवता येतो, मात्र गेम तो तिथून उघडत नाही. खेळायचं तर परत जुन्या कार्डावर आणावा लागतो.

प्लेस्टेशन ३ असेल तर माझ्या मते तोच सगळ्यात बरा रस्ता. त्याची सगळी मॉडेल प्लेस्टेशन १ च्या डिस्क चालवतात आणि चित्र एचडीएमआयने येतं. तिथे मेमरी कार्ड युटिलिटीमध्ये जाऊन अंतर्गत कार्ड तयार करायचं आणि ते स्लॉट १ ला नेमून द्यायचं. लोक पहिली पायरी करतात, दुसरी विसरतात. डिस्क आणि कन्सोल एकाच रीजनचे, म्हणजे विक्रीच्या प्रदेशाचे, हवेत, एवढी अट. प्लेस्टेशन ४ किंवा ५ मध्ये ही डिस्क घालून बघू नका, त्यांचे ड्राइव्ह सीडी वाचतच नाहीत.

कार्ड कुठूनही घ्या, लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन, पण त्यावर विश्वास टाकण्याआधी परीक्षा घ्या. सेव्ह करा, कन्सोल पूर्ण बंद करा, प्लग काढा, पुन्हा लावा, सेव्ह उघडतो का बघा. मगच पुढे जा.

नव्या टीव्हीवर चित्र बिघडतं ते का

चित्र काळं-पांढरं आलं तर टीव्ही खराब नाही. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींना पिवळ्या आणि हिरव्या पिनेसाठी एकच भोक असतं. मेनूत कम्पोनंटऐवजी एव्ही निवडा. काही टीव्हींना हेडफोनसारखी छोटी एव्ही पिन लागते आणि तिच्या आतली जोडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते. दुसऱ्या टीव्हीची पिन लावली की आवाज येतो पण चित्र नाही, किंवा उलट.

चित्राचं प्रमाण ४:३ करा. स्क्रीन भरण्यासाठी ताणलेली राजकन्या गार्नेट बघवत नाही. टीव्हीचा गेम मोड चालू करा, नाहीतर बटण दाबल्यावर प्रतिसाद उशिरा येतो. लढायांमध्ये हे फारसं जाणवणार नाही, पण अलेक्झांड्रियातल्या दोरीच्या उड्यांमध्ये पुरतं कळेल. १,००० उड्यांचं बक्षीस लहानपणी जमलं होतं आणि आता शंभरही होत नाहीत, याचा दोष वयाला देण्याआधी टीव्हीचा मेनू उघडून बघा.

नवी आवृत्ती आणि तिची बटणं

२०१६ मध्ये हा गेम मोबाइलवर आणि पीसीवर आला, २०१७ मध्ये प्लेस्टेशन ४ वर, २०१९ मध्ये स्विचवर. ठाणे-वाशी लोकलमध्ये फोनवर खेळणारे मला भेटलेत. त्या प्रवासाला हा गेम जमतो, कारण या आवृत्तीत ऑटोसेव्ह आहे. फक्त ॲप काढण्याआधी किंवा फोन बदलण्याआधी सेव्हची प्रत दुसरीकडे गेली आहे याची खात्री करा.

या आवृत्तीत पात्रं लख्ख दिसतात आणि मागची चित्रं धूसर. ते तुमच्या स्क्रीनमुळे नाही. मागची दृश्यं आधीच रंगवून, त्या काळच्या लहान आकारात साठवलेली होती. पीसीवर मोगुरी नावाचा मॉड (चाहत्यांनी केलेली सुधारणा) टाकला तर ती बरीच सुधारतात, आणि टाकण्यासारखा आहे.

खरी अडचण वेग वाढवण्याच्या बटणाची आहे. शिवाय शत्रूच येऊ नयेत, प्रत्येक वार ९,९९९ चा बसावा, अशीही सोय आहे. आपल्याला वेळ कमी असतो, म्हणून लोक ही बटणं पहिल्याच तासात दाबतात. जुन्या रस्त्याने परत चालायचं असेल, एखादी वस्तू शोधायची असेल, तेव्हा वेग वाढवा, मीही वाढवतो. पण शत्रू बंद केले की पात्रं काहीच शिकत नाहीत, आणि ९,९९९ चालू केलं की लढाईत विचार करायला काही उरत नाही. मग माणूस म्हणतो की गेममध्ये दम नाही.

लढाया खरंच संथ आहेत, हे मान्य. कॅमेरा फिरत येतो, मग सुरुवात होते, आणि आपल्याकडच्या पाल (आपल्या जुन्या टीव्ही पद्धतीच्या) आवृत्तीत चित्र ५० हर्ट्झवर चालत असल्यामुळे अजून थोडं रेंगाळतं. लोक मेनूत जाऊन बॅटल स्पीड फास्ट करतात आणि गोंधळ वाढतो. पाळी येण्याचे बार लवकर भरतात, पण ॲनिमेशन तेवढाच वेळ घेतात. तुमचे हुकूम रांगेत साठतात आणि औषध पोचेपर्यंत माणूस पडलेला असतो. म्हणून एक पाळी आधीच बरं करा. वेट मोड लावा, म्हणजे जादूची यादी उघडी असताना वेळ थांबते. आणि ऑटो-रीजेन (तब्येत आपोआप थोडी थोडी भरून देणारी कला) मिळाली की सगळ्यांना लावा, कारण लांबलचक ॲनिमेशन चालू असतानाही तिचं काम सुरू असतं. या गेमचा संथपणा तिथे तुमच्या बाजूने वळतो.

ट्रान्स, म्हणजे मार खाऊन खाऊन पात्राला थोड्या वेळासाठी मिळणारी जास्तीची ताकद, साठवता येत नाही; त्याचा बार भरला की आपोआप सुरू होतो. बॉससाठी राखायच्या भानगडीत पडू नका.

यादी समोर ठेवून खेळणं

पहिल्या मिनिटापासून शेजारी गाइड उघडं ठेवणारे खूप आहेत. त्यात बहुतेकांचा जीव एक्सकॅलिबर २ मध्ये अडकलेला असतो. ती तलवार हवी तर गेमच्या घड्याळात १२ तास व्हायच्या आत शेवटच्या टप्प्यातल्या मेमोरिया नावाच्या ठिकाणी तिच्यापर्यंत पोचावं लागतं. म्हणजे वाटेतलं सगळं सोडून धावायचं. वर्षांनंतर घरी परतणाऱ्याने हे का करावं?

गाइडशिवाय लक्षात ठेवण्यासारख्या गोष्टी थोड्याच. हत्यार किंवा कपडा विकण्याआधी त्यातली कला शिकून झाली आहे का बघा. आणि झाली असली तरी जुन्या वस्तू लगेच विकू नका, पुढे सिंथेसिसच्या (जुन्या वस्तू जोडून नवी करून देणाऱ्या) दुकानात त्याच लागतात. लेव्हल वाढताना अंगावर काय घातलंय यावर ताकद किती वाढते ते ठरतं, पण त्याचा हिशोब मांडत बसू नका, त्याशिवाय गेम आरामात पुरा होतो. बॉसकडून झिदानला (गेमच्या चोर नायकाला) चोरी जरूर करू द्या, दुकानात न मिळणाऱ्या चांगल्या वस्तू असतात. अर्धा तास त्यातच जायला लागला तर सोडून द्या.

आणि एखाद्या लढाईत संगीत एकदम वेगळं, खेळकर लागलं तर हात आवरा. समोरचा प्राणी मित्र आहे, तो तुमच्याकडे एक रत्न मागतो. वेगात खेळणारे सवयीने वार करतात. या सगळ्या मित्रांना त्यांचं त्यांचं रत्न दिलं, तर ओझ्मा नावाचा सगळ्यात अवघड बॉस आवाक्यात येतो.

वाचलेलं समजणं

ही शेवटची चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. मराठी शाळेतल्या पाचवी-सहावीच्या मुलाला त्या निळसर-करड्या चौकटींमधलं इंग्रजी कितीसं कळत होतं? आपण पटापट बटण दाबत पुढच्या लढाईला जायचो. मोठा भाऊ जेवढी सांगेल तेवढी कथा. आणि आता तीच कथा माहीत आहे म्हणून पुन्हा बटण दाबलं जातं.

दुसऱ्या डिस्कवर काळ्या जादूगारांचं गाव येतं. तिथे कबरीजवळ एक जादूगार उभा असतो. त्याच्याशी बोललात तर कळतं की त्याचा मित्र एक दिवस हलायचा थांबला आणि इतरांनी त्याला मातीत ठेवलं. तो बाहेर आला की तळ्यावर नेऊन त्याची माती धुऊन द्यायची, असं त्याने ठरवलंय. मरण म्हणजे काय हे त्याला अजून कोणी सांगितलेलं नाही. विवी, आपल्याच टोळीतला छोटा काळा जादूगार, शेजारी उभा राहून हे ऐकतो. हा संवाद चार-पाच चौकटींचा आहे. लहानपणी आपण तिथून धावत गेलो होतो. आता घरातली दोन-चार माणसं गेलेली असताना तो वाचणं वेगळं आहे. विवीचं पुढचं सगळं वागणं या गावातून येतं. ते निसटलं तर उरलेला गेम नुसता बॉसमागून बॉस राहतो. तेव्हा गावात शिरलात की वेगाचं बटण बंद करा, प्रत्येकाशी बोला, आणि कोपऱ्यात एटीईची (ॲक्टिव्ह टाइम इव्हेंटची) सूचना आली की ती उघडा. तुम्ही नसताना बाकीची पात्रं काय करताहेत ते तिथेच दिसतं.

ऑफिस, प्रवास, मुलांच्या परीक्षा यांत मधे तीन आठवडे गेले की पुढे कुठे जायचं होतं तेच आठवत नाही. गेममध्ये कामांची नोंद ठेवणारं पान नाही. उठताना फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवा: कुठे आहोत, कोणाला भेटायचंय, कोणती कला अर्धी राहिली. जगाच्या नकाशावर मोगलला हाक मारून कुठेही सेव्ह करता येतं, ते करा. नेहमी दोन सेव्ह आलटून पालटून वापरा. आणि चौथी डिस्क घालण्याआधी तिसरीवरचा एक सेव्ह वेगळा राखून ठेवा, कारण चौथीवर काही ठिकाणी परत जाता येत नाही.