मुलांसोबत घरी कविता लिहिताय? या चुका टाळा

जुलैच्या पावसात शाळेला अचानक सुट्टी मिळते, मूल घरात कंटाळते आणि आपण वही पुढे करून सांगतो, "बस, पावसावर एक कविता लिही." थोड्या वेळाने वहीत उतरते: 'पाऊस पडतो धो धो, आजोबा म्हणती हो हो.' आजोबा तसे काही म्हणालेले नसतात. 'धो धो'ला जोड हवी म्हणून ते बिचारे ओळीत आले. यात मुलाचा दोष नाही. विषय भलामोठा दिला आणि यमकही लगेच हवे झाले, तर अशीच ओळ येणार.

पहिली चूक विषयाची. 'पाऊस', 'निसर्ग', 'माझा गोवा' हे निबंधाचे विषय आहेत. मुलाला त्यांत हात कुठे घालावा ते कळत नाही. त्याऐवजी विचारा, "आज सकाळपासून पावसात तू काय पाहिलंस? एकच सांग." उत्तर येते, "आजीने पागोळीखाली घागर ठेवली." मग? "भरली." मग? "भरली तरी पाऊस थांबला नाही." एवढे बोलणे झाले की ते तसेच कागदावर उतरवा, मूल जिथे थांबले तिथे ओळ तोडा:

आजीने पागोळीखाली
घागर ठेवली.
घागर भरली तरी
पाऊस थांबला नाही.

आता मोठ्याने वाचून दाखवा. मूल विचारेल, "ही कविता?" निःशंकपणे हो म्हणा. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आईबाबांनी लेखनिक व्हावे, असे माझे ठाम मत आहे. त्या वयात हात हळू चालतो आणि अक्षर गिरवता गिरवता सुचलेले निसटून जाते.

यमक वाईट नाही, पण त्याच्याआधी ताल येऊ द्या. आपल्या मुलांना ताल मुद्दाम शिकवावाही लागत नाही. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फुगडी घालणाऱ्या पायांत तो असतोच. अष्टाक्षरी घेऊन बसा: ओळीत आठ अक्षरे, ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, जोडाक्षर एकच मोजायचे. प्रत्येक अक्षराला एक टाळी. टाळी उरली किंवा कमी पडली की मूल आपणहून शब्द बदलायला लागते, तुम्हाला काही बोलावे लागत नाही.

सकाळी दारात पोदेर, म्हणजे पाववाला, येतो तेव्हाचे उदाहरण घ्या. मूल पायरीवर उभे राहून बघते: सायकलवरच्या टोपलीला प्लास्टिक गुंडाळलेले आहे, पाव कोरडे आहेत, पण भोंग्यावर काहीच नाही. तो पोंक पोंक करताना थेंब उडवतो. यातून टाळ्या वाजवत आलेली ओळ:

पोदेर दारात आला
भोंगा पावसात न्हाला

यमक जुळले, पण ते बघण्यातून आले. इथेच मोठ्यांची आणखी एक खोड आड येते. "भोंगा कसा न्हाईल? भोंगा वाजला असं लिही." कृपा करून त्या ओळीला हात लावू नका. तुमची ओळ बरोबर असेल, पण भोंग्याची आंघोळ मुलाने पाहिली आहे. ओळ खरोखरच कच्ची वाटली तर दुरुस्त करण्यापेक्षा विचारा: कुठला रंग? कसला आवाज? हाताला कसं लागलं? उत्तरातून दुसरी ओळ मूलच देते.

शुद्धलेखनाची लाल पेन्सिलही त्या दिवशी बाजूला ठेवा. कविता भिंतीवर लावायची वेळ आली की पक्की प्रत काढताना वेलांट्या सुधाराव्यात.

गोव्यातल्या घरांत आणखी एक अडचण हटकून येते. मूल घरी कोंकणी बोलते, शाळेत मराठी लिहिते, आणि कवितेत 'पोदेर', 'न्हंय' (नदी), 'माड' एकत्र येतात. "हे मराठी नाही, खोड" असे म्हणू नका. बोरीचे बा. भ. बोरकर (१९१०–१९८४) दोन्ही भाषांत लिहीत. मराठीतले एवढे मोठे कवी, पण साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांना १९८१ साली मिळाला तो कोंकणी कवितेसाठी. मुलाला जी वस्तू ज्या नावाने भेटली, ते नाव कवितेत राहू द्या.

सगळ्यांत हुकणारी संधी म्हणजे माटोळी, गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट. चवथीच्या आधी बाजारातून सामान आले की आपण घाईने बांधायला घेतो आणि मुलांना लांब बसवतो. बांधण्याआधी एकेक वस्तू त्यांच्या हातात द्या: आंबाडे, तोरिंग, चिबूड, कवंडळ, सुपारीचा कातरो (घड). प्रत्येकीवर एक ओळ, आणि 'छान', 'सुंदर', 'मस्त' हे शब्द बंद. हे शब्द मिळाले की मूल बघायचे थांबते. ते बंद केले की तोरिंगाची जाड साल नखाने खरवडून वास घेते, चिबूड कानाशी हलवून बघते. कवंडळ लालचुटूक, पण खायचे नाही, हे ऐकल्यावर ओळ येते: 'कवंडळ बोलावते, पण तोंडाला लावू देत नाही.' माटोळी टांगून झाली की मुलांना तिच्याखाली उताणे झोपवून वर बघायला सांगा आणि आधीच्या ओळी तिथूनच वाचू द्या. वरून काय पडेल असं वाटतं, हा प्रश्न विचारलात तर शेवटची ओळही मिळते.

आता नेहमीच्या अडचणी. "सुचत नाही" म्हणणाऱ्या मुलाला कोरा कागद देऊ नका. डब्यात चिठ्ठ्या ठेवा, त्यांवर घरातले साधे शब्द: फेरीबोट, किसणी, छत्री, मुंगी. दोन काढायच्या आणि त्यांची भेट घालायची. छत्री मुंगीला काय म्हणाली, एवढ्यावर बरीच मुले सुटतात. एका ओळीवर अडकलेल्याला पुढचा शब्द सांगू नका, "आणि मग?" एवढेच विचारा. पाठ्यपुस्तकातली कविताच थोडी फिरवून लिहिली तर चोरी म्हणून रागावू नका. चाल तीच ठेवून वस्तू आपल्या घरातल्या घ्यायला सांगा.

बऱ्याच घरांत मुळात कविता मोठ्याने वाचलीच जात नाही आणि मुलाने मात्र लिहावी अशी अपेक्षा असते. रात्री झोपताना एक वाचा. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, जुने अंक इंटरनेटवर मोफत मिळतात. पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा विभाग आहे, सुट्टीत तिथे न्या आणि पुस्तक त्यांना निवडू द्या.

आणि लिहिलेली कविता लगेच नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. आधी मुलाला विचारा. ते नको म्हणाले तर वही त्याच्याच कपाटात राहू द्या, मागून उघडून बघू नका.