साप्ताहिक फोटो चॅलेंज घेताय? या चुका टाळा

साप्ताहिक फोटो चॅलेंजमध्ये दर सोमवारी एक विषय जाहीर होतो आणि रविवारपर्यंत त्यावर एक फोटो पाठवायचा असतो. 'सावली', 'प्रतिबिंब', 'लाल', 'हात', असा एखादा साधा शब्द. मंगळवार ते शुक्रवार ऑफिस, डबे आणि लोकलच्या गर्दीत जातात, शनिवारी 'उद्या बघू' होतं आणि रविवारी रात्री साडेदहाला घरातलीच एखादी वस्तू डायनिंग टेबलावर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो उरकला जातो. चॅलेंज घेणाऱ्या बऱ्याच जणांचा आठवडा असाच जातो आणि दोन-तीन महिन्यांत उत्साह मावळतो.

खरं तर अशा चॅलेंजमध्ये आपल्या हाती सगळ्यांत मोलाची गोष्ट असते ती म्हणजे हे सात दिवस. एकच जागा सकाळी, दुपारी, संध्याकाळी पाहता येते. मंगळवारी फसलेला फोटो गुरुवारी पुन्हा काढता येतो. लग्नात किंवा सहलीत ही सोय कधीच मिळत नाही. ती न वापरल्यामुळेच बहुतेक चुका होतात. उरलेल्या होतात त्या मोबाइल आपल्याला न विचारता फोटो 'सुधारतो' म्हणून, आणि त्यांवर सोपे उपाय आहेत.

विषय कळताच जुने फोटो चाळणं

'प्रतिबिंब' म्हटलं की हात आपोआप गॅलरीकडे जातो. मागच्या वर्षी नैनितालच्या तलावात काढलेला आहे की! बहुतेक चॅलेंजमध्ये फोटो त्याच आठवड्यातला हवा, असा नियम असतो. नियम नसला तरी जुना फोटो देऊ नका. तो दिला की त्या आठवड्यात डोळे उघडे ठेवून फिरायचं कारणच उरत नाही.

इथे एक तांत्रिक भानगडही होते. कॅमेरा बरेच महिने बॅटरीशिवाय पडून राहिला की त्याचं घड्याळ बिघडतं आणि फोटोच्या माहितीत भलतीच तारीख नोंदली जाते. फोटो कालचा असूनही काही वर्षांपूर्वीचा दिसतो. सुरुवातीलाच तारीख-वेळ तपासून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेल्या फोटोतून ही माहिती निघून जाते, त्यामुळे मूळ फाइल पुसू नका.

पहिली सुचलेली कल्पनाच पक्की करणं

'लाल' म्हटलं की कुंकू, मिरच्या, गुलमोहर आणि एसटी. तुम्हाला जे पहिल्या मिनिटात सुचलं तेच बाकीच्यांनाही सुचलेलं असतं. कागदावर दहा-बारा गोष्टी लिहून काढा आणि पहिल्या चार-पाच सोडून द्या. सातव्या-आठव्यापासून तुमच्या स्वतःच्या घरातल्या गोष्टी यायला लागतात: पोराच्या वहीवरचा बाईंचा शेरा, स्टॅबिलायझरचा मिणमिणता दिवा, बाबांच्या औषधांच्या डब्यातली लाल गोळी. फोटो इथून सुरू होतो.

विषय फ्रेममध्ये असणं आणि फोटो त्या विषयाचा असणं, यांतही फरक आहे. लाल शर्टातला माणूस चौपाटीवर मावळत्या सूर्याकडे बघत उभा असेल तर तो फोटो सूर्यास्ताचाच होतो. यासाठी एक परीक्षा फार उपयोगी पडते. विषय न सांगता फोटो घरातल्या कुणालाही दाखवा आणि विचारा, "पहिल्यांदा काय दिसलं?" उत्तरात विषयाचा मागमूसही नसेल तर फोटो कितीही देखणा असो, पुन्हा काढायला लागा.

'सावली' का फसते

हा विषय सोपा वाटतो आणि सगळ्यांत जास्त फसतो. पहिलं कारण वेळ. मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी मध्यान्हीला उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच गोळा होते. दुसरा असा दिवस जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेलं असतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवरच असतो, म्हणजे १० फुटी खांबाची सावली ९ फुटांची पडते. लांब सावल्या हव्या असतील तर हिवाळ्यात दिवसभर वाव असतो. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतरच बाहेर पडावं लागतं. रविवारी जेवणं आटोपून दोन वाजता निघालेल्याला मे महिन्यात सावली सापडत नाही, त्याचं कारण हे.

दुसरं कारण मोबाइल. हल्लीचे फोन एका क्लिकमध्ये अनेक फ्रेम घेतात, त्या एकमेकांत मिसळतात आणि अंधारे भाग उजळतात. यालाच एचडीआर म्हणतात. घरच्यांचे फोटो काढताना ते बरं पडतं, पण सावलीचा फोटो काढताना फोन नेमकी सावलीच पुसट करतो. डोळ्यांना काळीभोर दिसलेली आकृती फोटोत राखाडी होते. उपाय असा: स्क्रीनवर उन्हाच्या उजळ भागावर बोट टेकवा, बोट खाली सरकवून एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला एकूण उजेड, कमी करा आणि सावली स्क्रीनवरच गडद दिसू लागली की मग क्लिक करा. एचडीआर बंद करायची सोय असेल तर बंदच करा, किंवा सगळी सेटिंग स्वतः ठरवता येणारा प्रो मोड वापरा. नंतर एडिटिंगमध्ये सावली गडद करता येते, पण उन्हाचा भाग पांढरा फटक पडला असेल तर तिथला तपशील परत येत नाही.

आमच्या गटातल्या एका काकूंनी या विषयावर काढलेला फोटो मला फार आवडतो, कारण त्यांनी सगळा आठवडा वापरला. त्यांच्या स्वयंपाकघरात सकाळी आठच्या सुमारास खिडकीच्या गजांची सावली ओट्यामागच्या पांढऱ्या टाइल्सवर पडते. सोमवारी चहा उकळत असताना त्यांना दिसलं की गजांच्या सावलीमधून काहीतरी हलतंय. ती वाफेची सावली होती! कडक ऊन थेट येत असेल तर वाफेचीही सावली पडते, फक्त ती इतकी फिकट असते की लक्षात येत नाही. मंगळवारी ढग होते. बुधवारी फोटो काढला, तर फोनने सगळं उजळून वाफ गायब केली. गुरुवारी त्यांनी एक्स्पोजर उतरवलं, पण मागे मसाल्याचे डबे आणि कॅलेंडर आल्यानं नजर भलतीकडेच जात होती. शुक्रवारी डबे हलवले, कॅलेंडर काढून ठेवलं, पातेल्याऐवजी छोटा टोप घेतला आणि गॅस मोठा केला. फोटोत आहेत चार गज, त्यांच्यामधून वळत जाणारी धुरकट सावली आणि कोपऱ्यात टोपाचा कान. या फोटोसाठी महागडा कॅमेरा लागला नाही. एकाच ओट्यापाशी पाच सकाळी उभं राहावं लागलं.

'प्रतिबिंब' अस्पष्ट येतं, तेव्हा

पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यात समोरची इमारत छान दिसते, फोटो मात्र धूसर येतो. बहुतेक वेळा फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर पडलेला असतो. प्रतिबिंब पृष्ठभागावर नसतं. इमारत डबक्यापासून ३० फुटांवर असेल तर कॅमेऱ्याच्या हिशेबात तिचं प्रतिबिंब पाण्याच्याही पलीकडे ३० फुटांवर असतं. त्यामुळे पाण्यावर तरंगणाऱ्या पानावर बोट टेकवू नका, प्रतिबिंबातल्या खिडकीवर टेकवा. पान आणि इमारत दोन्ही स्पष्ट हवी असतील तर कॅमेऱ्यात अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं छिद्र, लहान करा: एफ ११ किंवा त्यापुढचा आकडा ठेवा. लेन्सवर पोलरायझर नावाचा फिल्टर लावलेला असेल तर तो काढा किंवा फिरवून बघा, कारण पाण्यावरची चमक कमी करणं हेच त्याचं काम आहे आणि प्रतिबिंबही तो त्याच झटक्यात घालवतो. मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स पाण्याच्या अगदी जवळ जाते आणि वीतभर डबकंही तळ्याएवढं दिसतं.

'पाऊस' दिसतच नाही

बाहेर धो-धो कोसळतोय आणि फोटोत नुसता ओला रस्ता, असं होतं ना? पावसाचे थेंब दिसायला मागे काहीतरी गडद हवं आणि उजेड थेंबांच्या मागून किंवा बाजूनं यायला हवा. पांढऱ्या आभाळासमोर पाऊस दिसत नाही. रस्त्यावरच्या दिव्याखाली, रिक्षाच्या हेडलाइटमध्ये किंवा दाट झाडीसमोर दिसतो. शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/६० सेकंदाच्या आसपास ठेवलात तर पावसाच्या रेघा येतात, १/५०० किंवा त्याहून वेगात थेंब गोठल्यासारखे दिसतात. मोबाइलचा नाइट मोड इथे घात करतो. अनेक फ्रेमची सरासरी काढताना दर फ्रेममध्ये जागा बदलणारे थेंब तो पुसून टाकतो.

एसी खोलीतून कॅमेरा थेट दमट हवेत नेला की लेन्सवर बाष्प धरतं. अशा वेळी लेन्स पुसत बसू नका. कॅमेरा बंद बॅगेतच पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, बाहेरच्या तापमानाला आला की मग काढा. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर लेन्स कपाटात कोंडून ठेवली तर काचेला बुरशी लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि मुख्य म्हणजे दर आठवड्याला वापरा. आणि धबधब्याच्या कड्यावर किंवा निसरड्या दगडांवर फ्रेमसाठी एक पाऊलही मागे सरकू नका. दरवर्षी पावसाळ्यात अशा अपघातांच्या बातम्या येतात. कुठलाही विषय एवढा मोलाचा नाही.

दूर गेल्याशिवाय फोटो नाही, असं मानणं

'फूल' हा विषय आला की कासचा बेत ठरतो. तेरडा, सोनकी, सीतेची आसवं बहरलेली पाहणं हा आनंद वेगळाच, पण बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचा, दिवसाला मर्यादित लोकांनाच प्रवेश, आणि तुमचा विषय आलाय फेब्रुवारीत. बेत बारगळतो आणि आठवडाही हातचा जातो. दादरच्या फुलबाजारात पहाटे जा, नाहीतर जिन्यातून उतरताना दिसणारी तगर बघा.

जवळून काढताना फोन फोकस करत नसेल तर तो बिघडलेला नाही. मोठ्या सेन्सरच्या फोनची मुख्य लेन्स दहा-पंधरा सेंटिमीटरच्या आत फोकस करू शकत नाही. काही फोन अशा वेळी गुपचूप अल्ट्रा-वाइड लेन्सवर उडी मारतात आणि दर्जा घसरतो. वीतभर मागे या आणि २एक्स झूम वापरा.

माणसांना वस्तू समजणं

याबद्दल मला मनापासून सांगायचं आहे. 'हात' म्हटलं की मंडईतल्या म्हाताऱ्या आजींचे सुरकुतलेले हात, तेही न विचारता, लांबून झूम करून. 'कष्ट' म्हटलं की पुलाखाली झोपलेला मजूर. तो दमून झोपलाय, त्यानं होकार दिलेला नाही, आणि त्याचा फोटो आपल्या स्पर्धेसाठी नाही. आजींपाशी बसा, मेथीची एक जुडी घ्या, "आजी, तुमच्या हातांचा फोटो काढू का?" म्हणून विचारा. नाही म्हणाल्या तर हसून उठा. हो म्हणाल्या तर घाई न करता काढा, लगेच दाखवा, आणि पुढच्या खेपेला एक प्रिंट नेऊन द्या. विचारल्यानं फोटोतला सहजपणा जातो, असं बरेच जण म्हणतात. तो पहिली दोन मिनिटंच जातो. त्यानंतर आजी पुन्हा जुड्या बांधायला लागतात आणि तुम्ही हातभर अंतरावर असता, जिथून नखात अडकलेली मातीसुद्धा दिसते. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारल्याशिवाय क्लिक नाहीच.

पाठवतानाचे घोळ

एडिटिंगमध्ये आधी क्षितिज सरळ करा, मग क्रॉप, मग उजेड, रंग सगळ्यांत शेवटी. संगणकावर छान दिसलेला फोटो फोनवर फिका दिसत असेल तर तो बहुधा अ‍ॅडोबी आरजीबी या रंगप्रणालीत सेव्ह झालेला असतो, जी सगळीकडे नीट दिसत नाही. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबी ही नेहमीची रंगप्रणाली निवडा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो आक्रसत नाही. शीर्षकात फोटोचा अर्थ समजावू नका, जागा आणि वेळ लिहिली तरी पुरे.

एखादा आठवडा आजारपणात, परीक्षेत किंवा गणपतीच्या गडबडीत हुकतोच. हुकलेला विषय भरून काढायला पुढच्या आठवड्यात दोन-दोन फोटो काढू नका, दोन्ही अर्धवट होतात. चालू विषयाला लागा.

राहिला अभिप्राय. 'मस्त', 'झकास' आणि टाळ्यांची चित्रं मिळाली की बरं वाटतं, पण पुढच्या फोटोला त्याचा उपयोग होत नाही. फोटो देताना नेमकं विचारा: "डावीकडचा खांब खटकतो का?" "सावली आणखी गडद हवी होती का?" दुसऱ्यांच्या फोटोवरही असंच नेमकं लिहा. नजर कुठे गेली, कुठे अडली, काय नसतं तर चाललं असतं. आणि हे रविवारी रात्री मागण्यापेक्षा गुरुवारी एखाद्या जाणत्या मित्राला कच्चा फोटो पाठवून मागा. खांब खटकत असेल तर तो टाळून पुन्हा काढायला अजून तीन दिवस हाताशी असतात.