बाकानोरा चाखायला निघालात? या चुका टाळा

टकिला सगळ्यांना ठाऊक आहे, मेस्कलचं नावही आता बऱ्याच जणांनी ऐकलंय. बाकानोरा ही मेक्सिकन दारू मात्र मेक्सिकोत जाऊन आलेल्यांनाही माहीत नसते. वायव्येकडच्या सोनोरा राज्यातल्या डोंगराळ भागात, आगावे आंगुस्तिफोलिया या जातीच्या घायपातीपासून ती गाळतात. बाकानोरा नावाचं गावच तिथं आहे. तिच्या वाटेला जाणारे बहुतेक जण त्याच त्या चुका करतात आणि एका सुंदर पेयाला मुकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिली चूक म्हणजे तिला टकिलाची गावठी बहीण समजणं. टकिला फक्त निळ्या आगावेपासून होते आणि त्या झाडाचा गाभा बहुधा वाफेवर शिजवतात. बाकानोरासाठी पानं छाटून उरलेला, अननसासारखा दिसणारा गाभा दगडांनी बांधलेल्या खड्ड्यात मेस्कितेच्या लाकडावर भाजतात. वरून माती लोटून तो दीड-दोन दिवस तसाच ठेवतात. बाहेर निघतो तेव्हा तो गडद तपकिरी आणि चिकट झालेला असतो. कुणी तुकडा हातावर ठेवला तर नको म्हणू नका. उसासारखा चावायचा, रस गिळायचा, चोथा थुंकायचा. काकवीची गोडी आणि मागून येणारा धूर एकदा जिभेवर बसला, की पेल्यातली चव आपोआप ओळखू येते.

दुसरी चूक जास्त गंभीर आहे. भट्टीवर पोचल्या पोचल्या मोबाइल काढून शूटिंग सुरू करू नका. १९१५ साली गव्हर्नर प्लुतार्को एलियास कायेस यांच्या राजवटीत सोनोरात दारूबंदी आली आणि बाकानोरा गाळणं गुन्हा ठरलं. ही बंदी १९९२ पर्यंत टिकली. म्हणजे ७७ वर्षं हे लोक दऱ्याखोऱ्यांत लपून, धूर दिसू नये म्हणून जपत गाळत राहिले. गाळणाऱ्याला तिथं व्हिनातेरो म्हणतात आणि भट्टीला व्हिनाता. ही विद्या बापाकडून लेकाकडे गेली ती कागदावर उतरून नव्हे, रात्रीच्या कामातून. अशा घरात अनोळखी माणसानं कॅमेरा रोखला तर म्हातारी माणसं गप्प होणारच. आधी बसा, दिलेलं प्या, परवानगी मागा. भावावरून घासाघीस तर करूच नका. एका झाडाला तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात आणि गाभा काढला की ते झाड संपतं.

बाटली घेताना होणारा गोंधळ वेगळा. २००० साली बाकानोराला भौगोलिक नामसंरक्षण मिळालं. सोनोरातल्या ठरावीक ३५ तालुक्यांतल्या मालालाच हे नाव लावता येतं. प्रमाणपत्राचा खर्च न झेपणारे काही छोटे उत्पादक लेबलवर ‘देस्तिलादो दे आगावे’ (आगावेपासून गाळलेली दारू) एवढंच छापतात. ते दिसलं की नकली म्हणून बाटली परत ठेवू नका. गावाचं नाव, गाळणाऱ्याचं नाव, आगावेची जात आणि मद्यार्काचं प्रमाण लिहिलंय का ते बघा. लेबलच नसलेली बाटली मात्र अनोळखी माणसाकडून घेऊ नका. मेथॅनॉल हे विषारी अल्कोहोल वासावरून किंवा चवीवरून कळत नाही. बाटली हलवल्यावर दिसणारे मोत्यासारखे बुडबुडे मद्यार्काच्या जोराचा अंदाज देतात. दारू सुरक्षित असल्याची खात्री त्यातून मिळत नाही.

नुसता जाळ लागला, चव काहीच कळली नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचं कारण बहुतेक वेळा मीठ, लिंबू आणि एका दमात रिकामा केलेला पेला. घोट अगदी छोटा घ्या. नाक पेल्यात खुपसू नका, जरा वरून वास घ्या. तरीही झोंबत असेल तर पाण्याचे दोन-तीन थेंब टाका. बाकानोराचे दोन थेंब तळहातावर चोळा. मद्यार्क उडून गेला की भाजलेल्या गाभ्याचा वास मागे राहतो.

‘जंगली आगावे’ एवढ्यावर भाळू नका. गाभ्यात साखर साठावी म्हणून फुलाचा दांडा वर येताच कापतात. सगळीकडेच तसं झालं तर रात्री त्या फुलांवर जगणाऱ्या वटवाघळांना खायला उरत नाही, बी धरत नाही आणि रानातली झाडं विरळ होत जातात. म्हणून काही झाडं फुलू देता का, हे जरूर विचारा. मनापासून काम करणारा व्हिनातेरो हाताला धरून तुम्हाला ती झाडं दाखवायला नेतो.

परत आल्यावर बांधावरची घायपात तोडून घरी प्रयोग करू नका. तिचा कच्चा रस अंगाला लागला तरी खाज सुटून फोड येतात, आणि परवान्याशिवाय दारू गाळणं आपल्याकडे गुन्हा आहे.

येताना दोन लिटरपर्यंतच मद्य करमुक्त आणता येतं. ते चेक-इन सामानात, कपड्यांत गुंडाळून ठेवा. बुचाची बाटली असेल तर बुचावर चिकटपट्टी लावा, आणि घरी आल्यावर ती आडवी न ठेवता उभी ठेवा.