नाशिक ते सोलंग: स्की नेण्यासाठी गाडीवर कॅरिअर कसं निवडायचं, कसं बसवायचं

माझी मुलगी स्की शिकली ती मनालीच्या गिर्यारोहण संस्थेच्या कोर्सला, सोलंगच्या उतारावर. तिथे सगळं साहित्य संस्थेनेच दिलं होतं. पुढच्या वर्षी तिने भाड्याच्या स्की वापरल्या आणि तिसऱ्या वर्षी स्वतःची जोडी घेतली, १६३ सेंटिमीटरची. जोडी घरी आली त्या संध्याकाळी तिने हॉलमध्ये ती भिंतीला टेकवून ठेवली आणि विचारलं, "बाबा, या न्यायच्या कशा?"

मी सातपूरला टूल रूममध्ये बावीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे उत्तर मला लगेच सुचलं आणि ते चुकलं. अंबडला एका फॅब्रिकेशनवाल्याकडून चौकोनी पाइपचं कॅरिअर वेल्डिंग करून घेतलं आणि गाडीवरच्या काळ्या रेल्सना यू-क्लॅम्पने आवळलं. चांदवड सोडून राहूड घाटात वरून टकटक ऐकू आली. बाजूला थांबून पाहिलं तर पुढचा क्लॅम्प चार बोटं सरकला होता. क्लॅम्प सैल झाला नव्हता. ज्या रेलला तो धरला होता, ती रेलच उचलली गेली होती, कारण ती शोभेची होती, चिकटवलेली. मागे मुलगी आणि तिची मैत्रीण झोपल्या होत्या आणि आमच्या मागून ट्रकांची रांग येत होती. स्की खाली उतरवून सीटच्या मधून घातल्या आणि तसेच पुढे गेलो. तेव्हापासून हे काम मी खालून वर करतो: आधी छप्पर, मग बार म्हणजे छपरावरच्या आडव्या दांड्या, मग त्यावर स्की धरणारा क्लॅम्प. दुकानात लोक उलटं करतात. आधी छपरावर लावायची बंद पेटी आवडते आणि ती कशावर बसणार ते नंतर ठरतं.

तर आधी छप्पर. गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढा आणि छपरावर किती वजन चालतं ते शोधा. बऱ्याच गाड्यांना ही मर्यादा ५० ते ७५ किलोच्या दरम्यान असते आणि त्यात बार, क्लॅम्प, पेटी, सामान असं सगळं धरलेलं असतं. हा आकडा चालत्या गाडीचा आहे. उभ्या गाडीचं छप्पर याहून जास्त वजन पेलतं, पण ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर तेच वजन आडवा हिसका देतं. रेल्स भार घेणाऱ्या आहेत की दिसण्यापुरत्या, हेही पुस्तकातच कळतं. पुस्तकात छपरावरच्या सामानाचा उल्लेखच नसेल, तर वर काही चालत नाही असं समजा. हाताने हलवून बघणं ही परीक्षा नव्हे. माझी रेलही हाताला घट्टच लागली होती.

छपराचे प्रकार ओळखायला सोपे आहेत. छप्पर आणि रेलमध्ये हात जातो ती उंच रेल. छपराला चिकटून जाते ती बसकी रेल. जुन्या सुमो-जिप्सीसारख्या गाड्यांना कडेने पन्हळ असते, तिच्यात बारचे पाय अडकवता येतात. काही गाड्यांच्या छपरात झाकणाखाली बोल्टची तयार भोकं असतात. आणि यातलं काहीच नसलं तर नुसतं छप्पर. त्यावर दाराच्या चौकटीत अडकणारे पाय लागतात आणि ते प्रत्येक मॉडेलला वेगळे असतात. थुले, याकिमा यांच्यासारख्या कॅरिअर बनवणाऱ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर गाडीचं मॉडेल आणि साल टाकलं की कुठला संच बसतो ते दिसतं. तुमची गाडी त्या यादीत नसेल तर "जुळवून देतो" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. द्वारका-वडाळा नाक्याच्या बाजूला हाताने फार चांगलं काम करणारे कारागीर आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण छपराच्या पत्र्याची ताकद त्यांनाही बाहेरून दिसत नाही. छपराला ड्रिल तर मारूच देऊ नका. पाणी आत येतं, गंज धरतो, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. काढता येणारं कॅरिअर घ्या, सामान गाडीच्या बाजूने किंवा मागेपुढे बाहेर येऊ देऊ नका, आणि शंका असेल तर पेठ रोडला आरटीओत आधीच विचारून या.

आता वजनाचा हिशोब कागदावर करा. बाइंडिंगसकट, म्हणजे बूट धरणाऱ्या पकडीसकट, स्कीची एक जोडी साधारण ५ ते ७ किलो, काठ्या अर्धा किलो. आमच्या दोन जोड्या १२ किलो, काठ्या १, दोन बार मिळून ६, क्लॅम्प ५. एकूण २४ किलो, म्हणजे ५० च्या मर्यादेतही आरामात. आता हेच पेटी घेऊन करा. पेटी स्वतःच २० किलोची, बार ६, चार जोड्या २५. झाले ५१, आणि अजून एकही बॅग टाकलेली नाही. पेटी मोकळी दिसते म्हणून माणूस भरत जातो. स्कीचे बूट एका जोडीला ४ किलोच्या आसपास असतात. ते वर ठेवूच नका, पायाशी ठेवा. जड वस्तू जितकी खाली, तितकी गाडी वळणावर शांत.

पेटी की क्लॅम्प, यात माझं मत दोन माणसांसाठी क्लॅम्प. चौघांचं कुटुंब असेल आणि डिकी भरलेली असेल तरच पेटी, कारण तिचा खरा फायदा एकच: धूळ, चिखल आणि पाणी स्कीपर्यंत जात नाही. पेटी घेताना आतली लांबी मोजा, बाहेरची नव्हे. शिवाय डिकीचं दार पूर्ण उघडून ते पेटीच्या मागच्या टोकाला लागतं का ते पाहा. क्लॅम्पवर "चार जोड्या" लिहिलेलं असतं ते अरुंद स्कीचं. गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फासाठी लोक रुंद स्की घेतात, त्या दोनच जोड्या मावतात. बार शक्यतो ॲल्युमिनियमचे, पंखाच्या आकाराचे घ्या. चौकोनी लोखंडी बार स्वस्त आणि मजबूत असतात, पण ८० च्या पुढे सतत घूं-घूं करतात आणि सतराशे-अठराशे किलोमीटर तो आवाज ऐकून डोकं उठतं.

बसवायचं काम निघण्याच्या आदल्या रात्री करू नका. आठ दिवस आधीच्या रविवारी सकाळी, सावलीत, दोघांनी मिळून करा. छप्पर धुऊन पूर्ण कोरडं करा. रबरी पायाखाली वाळूचा एक कण राहिला तरी तो प्रवासभर रंग घासत राहतो. संचाबरोबरचा कागद नीट वाचा. त्यात पुढचा बार काचेच्या वरच्या कडेपासून किती अंतरावर आणि मागचा त्याच्यापासून किती, हे मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. टेप लावून मोजा आणि छपरावर कागदी चिकटपट्टीने खुणा करा. स्कीसाठी दोन बारमध्ये साधारण ७० सेंटिमीटर अंतर मिळालं तर उत्तम, पण कागदावरचा आकडा वेगळा असेल तर कागदच खरा. बरीचशी छपरं पुढे अरुंद असतात, त्यामुळे पुढचा आणि मागचा बार सारखा नसतो. अदलाबदल झाली तर पाय तिरके बसतात.

चारही पाय आधी सैलच ठेवा. बार दोन्ही बाजूंना सारखा बाहेर आला आहे का ते मोजा. मग आवळा, पण एक बाजू पूर्ण आवळून दुसरीकडे जाऊ नका. डावीकडे दोन-तीन फेरे, उजवीकडे दोन-तीन फेरे, असं करत जा, नाहीतर बार पहिल्या बाजूकडे ओढला जातो. शेवटचे फेरे टॉर्क रेंचने, म्हणजे किती जोराने आवळायचं ते ठरवता येणाऱ्या पान्याने द्या. माझ्या संचाला ६ न्यूटन मीटर लिहिलं होतं. हे फार कमी आहे. एलन की हातात आली की जवान माणूस सहज त्याच्या दुप्पट लावतो. आमच्या टूल रूममध्ये नव्या पोरांना मी पहिली गोष्ट हीच शिकवायचो की जास्त आवळलेला बोल्ट म्हणजे घट्ट बोल्ट नव्हे. आटे ताणले जातात, पत्रा दबतो, रबर बाहेर फुगतं, आणि मग तोच बोल्ट कंपनांनी लवकर सैल पडतो. टॉर्क रेंच विकत घ्यायचा नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून अर्धा तास मागून आणा.

आता बार दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. सगळी गाडी डुलली पाहिजे, बार नुसता हलता कामा नये. चारही दारं उघडून बंद करा. सनरूफ असेल तर ती उघडताना बारला लागते का ते बघा, आणि लागत असेल तर स्विचवर चिकटपट्टी लावून टाका, कारण मागे बसलेली मुलं ते बटण दाबतातच.

स्की ठेवताना दोन्हींचे तळ एकमेकांना लावा, म्हणजे त्यांचे ब्रेक, बाइंडिंगजवळचे छोटे दांडे, एकमेकांत अडकतात. वर वळलेली टोकं मागच्या बाजूला ठेवा. पुढे ठेवली तर वारा त्या वळणाखाली शिरतो आणि उचलतो. बाइंडिंग उंच असतं, ते छपराला टेकत नाही ना ते खाली वाकून पाहा. टेकत असेल तर क्लॅम्पखाली उंची वाढवणारे तुकडे मिळतात. मागची टोकं डिकीच्या दाराला किंवा अँटेनाला लागत नाहीत ना, तेही बघा. बाइंडिंगवर जाड पिशवी बांधा. त्यात ग्रीस असतं आणि धुळ्यापासून इंदूरपर्यंतची धूळ त्यात जाऊन बसली तर पायातून स्की वेळेवर सुटत नाही. अशाने गुडघा जाऊ शकतो. पट्टा वापरत असाल तर त्याला मध्ये एक पीळ द्या, मग तो वाऱ्याने फडफडत नाही.

निघण्याआधी गाडीची नवी उंची मोजा आणि चिठ्ठीवर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा. तळघरातल्या पार्किंगला हीच चिठ्ठी कामाला येते. नाशिकहून निघाल्यावर पहिला थांबा पिंपळगावच्या टोलनाक्यानंतर थोडा, आणि खरा थांबा चांदवडला. तोवर ६० किलोमीटरच्या पुढे झालेले असतात, रबर दबून बसलेलं असतं आणि बोल्ट थोडे सैल होतातच. राहूड घाटाच्या आधी चारही बोल्ट पुन्हा तपासा. मग प्रत्येक डिझेलच्या थांब्यावर हात लावून बघा. वेग मी ८०-९० च्या वर नेत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० वरून १०० ला गेलं की दीडपटीहून जास्त. माझ्या गाडीचं ॲव्हरेज १७ चं १५ झालं, तेवढं धरूनच चला. मुक्कामाला कुलूप लावून स्की वर ठेवू नका, खोलीत न्या.

परत आल्यावर बार काढून ठेवा. हे टाळू नका. रिकामे बारही डिझेल खातात आणि नाशिकच्या मे महिन्याच्या उन्हात रबर कडक होतं. काही ठिकाणी रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात, म्हणून बार, बोल्ट आणि स्कीच्या पोलादी कडा साध्या पाण्याने धुऊन, पुसून, कडांना तेलाचा हात फिरवून ठेवा. बारच्या आतल्या बाजूला मार्करने "पुढचा, डावा" असं लिहा. बोल्ट, एलन की आणि किल्ल्या एका डबीत घाला, किल्लीचा नंबर घरच्या वहीत लिहा, आणि तो मापांचा कागद डबीतच घडी करून ठेवा. पुढच्या जानेवारीत तो सगळ्यात आधी लागतो.