क्लिपचा वेग बदलण्यापूर्वी

गोव्यात माशेलला देवकीकृष्ण मंदिरासमोरच्या मैदानात होणाऱ्या चिखलकाल्याचे, म्हणजे चिखलातल्या खेळांच्या उत्सवाचे, चित्रीकरण संकलनाला घेतले, की उडत्या चिखलाची दृश्ये संथ करण्याचा मोह होतोच. मोह रास्त आहे. परंतु सगळी दृश्ये भजनाच्या ठेक्यावर बसवून झाल्यानंतर वेगाला हात लावायचा असेल, तर आधी पुढील तयारी करावी.

टाइमलाइनची, म्हणजे क्लिपा क्रमाने मांडलेल्या पट्टीची, प्रत काढावी. तिची एकूण लांबी फ्रेमपर्यंत कागदावर टिपून ठेवावी. हा आकडा शेवटी लागणार आहे.

आता मुख्य बाब, जी गेल्या वेळी राहिली आणि जिच्यामुळे संपूर्ण उत्तरार्ध भजनापासून सुटला. संकलनाच्या सॉफ्टवेअरांपैकी प्रीमियर प्रोमध्ये ‘स्पीड/ड्युरेशन’च्या चौकटीत ‘रिपल एडिट’ असा पर्याय असतो आणि दा विंची रिझॉल्व्हमध्ये ‘चेंज क्लिप स्पीड’च्या चौकटीत ‘रिपल टाइमलाइन’ असा. त्यापुढे खूण असेल, तर चार सेकंदांची क्लिप ५० टक्के वेगाने आठ सेकंदांची होते आणि तिच्यापुढचे प्रत्येक दृश्य चार सेकंद पुढे ढकलले जाते. ती खूण काढावी. भजनाच्या ट्रॅकला कुलूप घातले म्हणून निर्धास्त राहू नये. कुलूप लावलेला ध्वनी जागचा हलत नाही, पण चित्र त्याला सोडून पुढे जाते, म्हणजे नुकसान तेच. चौकट प्रत्येक क्लिपसाठी नव्याने उघडते, म्हणून खूणही प्रत्येक वेळी पाहावी.

खूण काढल्यावर दुसरा हिशेब सुरू होतो. शेजारी दुसरी क्लिप असताना चार सेकंदांची क्लिप निम्म्या वेगाची केली, तर जागा चारच सेकंदांची राहते आणि तीत मूळ चित्रणाची पहिली दोन सेकंदेच मावतात. गडी घसरून पडण्याचा क्षण तिसऱ्या सेकंदाला असेल, तर तो दिसतच नाही. अशा वेळी क्लिपची कड ओढत बसू नये. स्लिप साधनाने, क्लिपची जागा व लांबी न बदलता, आतले चित्रण सरकवून हवा तो क्षण त्या चार सेकंदांत आणावा. उलट, वेग २०० टक्के केला तर क्लिप दोन सेकंदांची होऊन मागे दोन सेकंदांची पोकळी उरते. ती भरायची तर मूळ चित्रण एकूण आठ सेकंदांचे लागते. तेवढे आहे की नाही, हे वेग बदलण्याआधी पाहावे. जागा ठरलेली असून टक्केवारीचा आग्रह नसेल, तर प्रीमियरमधील ‘रेट स्ट्रेच’ साधनाने क्लिपची कड पोकळी संपेपर्यंत ओढणे सर्वांत सोयीचे; वेग आपोआप जुळतो आणि शेजारी हलत नाहीत. तरीही खूण पाहण्याची सवय मोडू नये.

चित्रणाचा फ्रेमदर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, आधी तपासावा. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५० फ्रेमचे चित्रण ५० टक्क्यांपर्यंत आणि १०० फ्रेमचे २५ टक्क्यांपर्यंत स्वच्छ संथ होते. मुळातच २५ फ्रेमने टिपलेले दृश्य संथ केले, की तेच फ्रेम पुन्हापुन्हा दिसतात. ‘ऑप्टिकल फ्लो’ हा पर्याय दोन फ्रेमांमधले नवे फ्रेम रचून देतो खरा, पण एकमेकांना छेदून उडणाऱ्या चिखलाच्या थेंबांपुढे त्याचा निभाव लागत नाही आणि कडांशी चित्र वितळल्यासारखे दिसते. चिखलासाठी तो वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

क्लिपला स्वतःचा ध्वनी जोडलेला असेल, तर तो आधी सुटा करावा. स्वर कायम ठेवण्याचा पर्याय निवडला तरी लय मंदावतेच, आणि मंदावलेल्या टाळांना भजन म्हणवत नाही.

प्रीमियरमध्ये चित्राची थरथर काढणारा ‘वार्प स्टॅबिलायझर’ आणि बदललेला वेग एकाच क्लिपवर चालत नाहीत. वेग बदललेली क्लिप नेस्ट करून, म्हणजे वेगळ्या सीक्वेन्समध्ये गुंडाळून, मग स्थिर करावी. क्लिपच्या दोन्ही टोकांचे डिझॉल्व्ह, म्हणजे एक दृश्य दुसऱ्यात विरघळण्याचे जोड, तपासावेत. शीर्षकेही.

निर्यातीपूर्वी एकूण लांबी कागदावरील आकड्याशी ताडावी. आकडा वाढलेला दिसला, तर कुठेतरी खूण राहिली आहे. तिथवर मागे जावे. आकडा जुळला तरी भजनाचा शेवटचा ठेका चित्रासह एकदा ऐकावा, कारण एका क्लिपने ढकललेले दुसरीने मागे ओढलेले असू शकते.